बिननावाची हाक

१

चौबे कॉलोनीतल्या डाखोऱ्यांच्या घरात संध्याकाळ झाली हे घड्याळावरून नाही, कुरकुरीवरून कळायचं. पांडुरंग डाखोरे मंत्रालयातून स्कूटरवर आले की फाटक उघडायच्या आधीच सुरू व्हायचे. भोपाळहून आलेल्या फायली कशा उलट्यासुलट्या बांधल्या आहेत, नव्या राज्याचं मंत्रालय जुन्या इस्पितळाच्या खोल्यांत बसवल्यावर टेबलांना औषधाचा वास येणार नाही तर काय, सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी इथवर कशी येते. मग चहात साखर जास्त. मग वरणात मीठ कमी. वनमालाबाई एका कानाने ऐकायच्या आणि दुसऱ्याने सोडून द्यायच्या. नवरा कुरकुरतो आहे म्हणजे ठणठणीत आहे, असं त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात. त्यानंतर नाही. रेशनच्या खिडकीवर बाबूने 'पति का नाम?' विचारलं की त्या पदर सावरून मुलीकडे बघायच्या आणि मंजिरी कपाळाला हात लावून सांगायची. आरतीत तो शब्द आला की बाई तेवढ्यापुरते ओठ मिटून घ्यायच्या. पांडुरंगराव म्हणायचे, "देवाचं नाव भेटलं मले, अन् घरातच जप नाही!" बाई हसायच्या. आईने, आजीने नाही घेतलं, त्यांनीही नाही घेतलं. 'अहो' म्हटलं की माणूस वळून बघतो, मग नाव लागतं कशाला?

कोसमदहऱ्याच्या तळ्यावरची सहल होऊन दोनच दिवस झाले होते. त्या संध्याकाळी बाई वरणात मीठ घालायलाच विसरल्या. पहिल्या घासाला त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या बोलणी खायच्या तयारीने बसल्या. पांडुरंगराव मात्र भात कालवून शांतपणे जेवत होते. चेहऱ्यावर बारीकसं हसू होतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून मीनलची हाक आली. मीनल म्हणजे खाली राहणाऱ्या सचिनची बायको, नागपूरची, लग्नाला वर्ष झालेलं. एरवी नवऱ्याला 'सचिन, सचिन' करायची, पण अमरावतीहून सासू येऊन राहिली होती, म्हणून सध्या सगळं कसं रीतीनं चाललं होतं.

"अहो! सिलेंडर संपलं ना!"

पांडुरंगराव ताटावरून उठले. हात न धुता, चप्पल न घालता दार उघडून जिना उतरले. बाईंना वाटलं, मदतीला गेले असतील. त्या मागोमाग गेल्या, तर हे मीनलच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे. बोटांना वरणभात, ओठांवर तेच हसू. मीनल भिंतीला टेकून उभी होती आणि सचिन कसनुसा हसत म्हणत होता, "काका, मी लावतो ना. तुम्ही काहून तरास घेता?"

काका त्याच्याकडे बघतही नव्हते.

"अहो," वनमालाबाई हळूच म्हणाल्या, "चला वर."

ते वळले आणि मुकाट्याने चालू लागले.

२

ती सहल अर्धी सरकारीच होती. नव्या राज्याला दाखवायला नवी ठिकाणं हवी होती. सिहाव्याच्या डोंगरातल्या कोसमदहरा तळ्यावर लोकांना नेता येईल का, हे बघायचं काम पांडुरंगरावांकडे आलं. जीप मिळतेच आहे तर चला, म्हणून मायलेकीही निघाल्या.

सालाच्या झाडांनी भरलेल्या डोंगरांच्या मधोमध ते तळं होतं. एका अंगाला केवटपारा, मासे धरणाऱ्यांची मातीची घरं, कुंपणांवर वाळत घातलेली जाळी. दुसऱ्या अंगाला ढीमरांची वस्ती. त्यांचा शिंगाड्याचा वेल पार काठापासून आतवर पसरलेला. बाईंनी उकडलेले शिंगाडे घेतले, मंजिरीने फोटो काढले आणि डोकं दुखतं म्हणून वर जीपमध्ये जाऊन झोपली. पांडुरंगराव नत्थू केवटाच्या डोंग्यात बसून पलीकडचा काठ बघायला गेले. फळी ओली आहे, डोंगा डुगडुगतो आहे, हा वल्हवतो आहे की पेंगतो आहे, अशी त्यांची कुरकुर पाण्यावरून बराच वेळ ऐकू येत होती.

दिवस कलला तसे एकेक डोंगे परत येऊ लागले. काठापासून एका बांबूच्या अंतरावर येऊन ते थांबायचे. काठावर बायका उभ्या असायच्या. त्या आपापल्या माणसाला नाव घेऊन हाक मारायच्या, माणूस 'हव' म्हणून ओ द्यायचा, आणि मगच पाण्यात पाय टाकून उतरायचा. हाक मारल्याशिवाय कोणी उतरत नव्हतं. ज्या बायका दिवसभर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या, त्याही मोकळ्या गळ्याने नवऱ्याचं नाव घेत होत्या. वनमालाबाईंना मोठी गंमत वाटली.

मनटोराबाई नावाची एक म्हातारी त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. नत्थूची आई.

"तहूँ बला, दीदी," ती म्हणाली. तूही बोलाव. "नाँव लेके बला. पानी के आगू कइसन लाज?"

पाण्यावर पातळ धुकं धरलं होतं. नत्थूचा डोंगा येऊन थांबला. म्हातारीने 'नत्थू!' म्हटलं, तो 'हव दाई' म्हणून उतरला. आता सगळ्या बायका बाईंकडे बघू लागल्या. मागे जीपचा ड्रायव्हर उभा, ऑफिसचा चपराशी उभा. उद्या मंत्रालयभर होईल की डाखोरेबाई तळ्याकाठी नवऱ्याच्या नावाने ओरडत होत्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसत हसत हाक मारली.

"अहो! या ना आता! उशीर होऊन राहिला!"

डोंग्यातून ओ आली नाही. पाठमोरी बसलेली आकृती उठली, वळली, पाण्यात उतरली आणि चालत काठाला आली. पांडुरंगरावच होते. तोच स्वेटर, तोच चष्मा. फक्त एवढा जाडजूड माणूस उतरला तरी डोंगा वर उचलला गेला नाही. जेवढा पाण्यात दबला होता तेवढाच दबलेला राहिला. बाईंनी हे बघितलं होतं. लाकूड भिजलेलं असेल, असं म्हणून त्यांनी ते मनातून काढूनही टाकलं होतं.

काठावरचं हसणं मात्र थांबलं. म्हातारीने त्यांचं मनगट धरलं.

"ये का कर डारे, दीदी?"

एवढंच बोलून तिने मनगट सोडलं. बायकांनी अर्धी उलगडलेली जाळी तशीच टाकली आणि त्या केवटपाऱ्याकडे निघून गेल्या. निरोप द्यायला कोणी आलं नाही. काय चुकलं हे बाईंनी कोणाला विचारायचं?

३

त्यानंतर जो तो आपापल्या परीने समजूत घालत होता. ऑफिसातले देवीदास घरी येऊन म्हणाले, "वहिनी, साहेबांचे कान दाखवा एकदा. डाखोरे साहेब, डाखोरे साहेब करून आम्ही थकतो, ते वळूनच नाही पाहत." कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, कान तरुण माणसाचे आहेत, नव्या राज्याचं टेन्शन आहे, सुट्टी घ्या. बाईंनाही ते पटलं. दोघांचं काम एकटे करतात, थकणारच. कुरकुर गेली ती बरीच झाली, असंही आधी वाटलं. मीनलची सासू तर म्हणाली, असा गरीब नवरा नशिबानं भेटते.

पण घर फार शांत झालं. बाईंनी हाक मारली तर ते उठत, न्हात, जेवत, ऑफिसला जात. हाक नाही मारली तर बैठकीतल्या वेताच्या खुर्चीत बसून राहत. एका रविवारी त्या सकाळीच नणंदेकडे गेल्या आणि दिवेलागणीला आल्या. ते त्याच खुर्चीत होते. समोर सकाळच्या चहावर साय धरली होती. पंखा बंद, टीव्ही बंद, वर्तमानपत्र घडीतच. मांडीवरचे हातही बाई जाताना होते तसेच होते.

सगळ्यात वाईट मंजिरीचं होतं. पोट्टी कॉलेजात जायला लागल्यापासून घरातही हिंदीच बोलायची, पण बापाला 'बाबा' म्हणायची. आता ती 'बाबा' म्हणायची आणि ते समोर बघत राहायचे. ती खुर्चीपाशी बसून त्यांचा गुडघा हलवायची. काहीच नाही.

"मम्मी, मैंने ऐसा क्या कर दिया?" एक दिवस ती रडायलाच लागली. "मुझसे बात क्यों नहीं करते? गुस्सा ही कर लें!"

बाई रात्रीचा स्वयंपाक अर्धा टाकून बैठकीत आल्या आणि खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. देव्हाऱ्याकडे एकदा बघून त्यांनी डोळे मिटले आणि नवऱ्याचं नाव उच्चारलं. पुरतं. घरात त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं होतं.

खुर्चीतली मान हलली नाही.

त्यांनी आणखी एकदा घेतलं, मोठ्याने. मग रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो..."

ते लगेच वळले आणि हसले.

४

पंडरीच्या कापडबाजारातून मंजिरीसाठी कापड घ्यायचं होतं. त्यांना घरी एकटं ठेवायचं बाईंच्या जिवावर येत होतं, म्हणून बरोबर नेलं. दुकानात गर्दी होती. बाई गादीवर बसून ठाणं बघत होत्या, ते दारापाशी उभे. बाहेरून एक बाई चालली होती, बहुतेक भिलाईकडची, हातात दोन पिशव्या.

"अहो, ही पिशवी घ्या ना जरा!"

तिचा नवरा पुढे निघून गेला होता. वनमालाबाईंनी मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं. त्या कापड टाकून धावल्या. गल्लीत हातगाड्या, सायकलरिक्षा, खांद्यावर गठ्ठे घेतलेले हमाल. बऱ्याच पुढे तो करडा स्वेटर दिसला. पांडुरंगराव त्या बाईची पिशवी हातात धरून तिच्या मागोमाग चालले होते. तिला वाटलं असेल दुकानाचा माणूस आहे. तिच्या नवऱ्याने रिक्षा थांबवली, दोघं बसले, आणि हेही त्यांच्या शेजारी बसायला पाय उचलू लागले.

"अहो!" बाई जीव तोडून ओरडल्या. "अहो, इकडे!"

ते थांबले. पिशवी खाली ठेवली. दोन्ही बायकांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं, आणि दोघींकडे पाहून ते सारखंच हसले. त्या अनोळखी बाईला जेवढी माया, तेवढीच वनमालाबाईंना. कमी नाही, जास्त नाही.

बाईंना तिथेच रस्त्यावर बसावंसं वाटलं. ज्याच्याबरोबर एवढा संसार केला त्या माणसाची नजर त्यांना पाठ होती. रागावलेली, कावलेली, आजारपणातली, सगळी. ही त्यातली एकही नव्हती. आपला माणूस तळ्यावरून आलेलाच नाही, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीनलला सांगितलं, आज चुकूनही 'अहो' म्हणू नको. कारण सांगितलं नाही, आणि मीनलनेही विचारलं नाही. मग वेताच्या खुर्चीपाशी जाऊन त्या म्हणाल्या, "अहो, इथंच बसून राहा." ते बसून राहिले. बाईंनी बाहेरून कुलूप लावलं.

मायलेकी बसने धमतरीला, तिथून दुसऱ्या बसने आणि शेवटी ट्रॅक्टरवर बसून कोसमदहऱ्याला पोचल्या. मंजिरीला एवढंच सांगितलं होतं की तिथे एक म्हातारी औषध देते. तिला महुआच्या झाडाखाली बसवून बाई केवटपाऱ्यात गेल्या.

मनटोराबाई जाळं दुरुस्त करत होती. बाईंना पाहून तिला नवल वाटलं नाही.

"बिन नाँव के हाँक पारबे," ती खाली बघतच म्हणाली, "त जेन तीर म रही, तउन आ जाही."

बिननावाची हाक मारली की जो जवळ असेल तो येतो. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. त्यांना ऐकायचंही नव्हतं.

"माझा माणूस?"

"अगोरत होही." वाट बघत असेल. म्हातारीने सुतळी दाताने तोडली. मग तिने सांगितलं ते बाईंनी नीट ऐकून घेतलं. सगळे डोंगे आल्यावर त्यांनी काठावर उभं राहून नाव घ्यायचं. ओ आली तर घेत राहायचं, नवऱ्याचा पाय मातीला लागेपर्यंत. ते काठाला लागले की घरी बसलेला आपोआप निघून जाईल. पण मधे दुसरी कसलीही हाक पडता कामा नये. पडली तर त्याच क्षणी तोंड मिटायचं.

"अन् मग?"

म्हातारी पुन्हा जाळ्यावर वाकली.

संध्याकाळी डोंगे आले. नावं घेतली गेली, ओ दिल्या गेल्या, माणसं उतरली. आज कोणी घरी गेलं नाही. सगळी मागे सरून उभी राहिली आणि वनमालाबाई एकट्या पुढे झाल्या. पाणी काळपट आणि सपाट होतं. वारा नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, आणि इतक्या लांबून ज्यासाठी आल्या ते नाव काही केल्या जिभेवर येईना. आपण किती कर्मदरिद्री, असं त्यांना झालं. घरात खुर्चीमागे निघालं, आणि इथे, त्यांचा जीव टांगणीला असताना निघत नाही!

मग त्यांना उखाणा आठवला. माहेरी, वाटोड्याच्या मांडवात, हातात सुपारी घेऊन म्हटलेला. त्या तोच म्हणू लागल्या.

"ओटीत घेतले गहू, कपाळी कुंकवाची रेघ, पांडुरंगरावांच्या मागं चालते, बघा माझा वेग."

मागे एकही केवटीण हसली नाही.

पाण्यावर काही हललं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. आता उखाणा लागला नाही, नुसतं नाव निघालं. पुन्हा. पुन्हा. गळा मोकळा झाला, पदर खांद्यावर आला, त्यांना कशाचं भान नव्हतं.

"हो, हो! ऐकून राहिलो!"

आवाज लांबून आला. वैतागलेला.

"किती उशीर! पाय गार पडले ना माझे! इथं धड उभं राहायले जागा नाही, अन् तुले आत्ता आठवण झाली काय?"

वनमालाबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या हसतही होत्या. ही कुरकुर! या कुरकुरीसाठी त्यांनी जन्मभर वरण अळणी केलं असतं. त्या नाव घेत राहिल्या आणि शिंगाड्याच्या वेलापलीकडे, जिथे नत्थूचा बांबू तळाला लागत नसे, तिथे कमरेइतक्या पाण्यात कोणीतरी उभं असलेलं दिसलं. अंधुक, पण खांदे त्यांचेच. ते पाणी कापत येऊ लागले. वेल दोन्ही बाजूंना सरकत होता.

तो आवाज महुआच्या झाडापर्यंत गेला होता. मंजिरी कधी उठली, कधी धावत सुटली, कोणाला कळलं नाही. कित्येक दिवसांत बाप तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आता तो समोर पाण्यातून बोलत येत होता. ती थेट काठावर आली आणि दोन्ही हात पसरून ओरडली.

"बाबा! बाबा, इकडे या!"

तळं हललं.

आधी वेलात एक डोकं वर आलं. मग त्याच्या पलीकडे दुसरं. मग पार समोरच्या काठापर्यंत, जिथवर नजर पोचत होती तिथवर, पाण्यातून माणसं उभी राहिली. म्हातारी, तरुण, कोणाच्या डोक्याला मुंडासं. ते सगळे कधी ना कधी कोणाचे तरी बाबा होते. सगळ्यांनी काठाकडे तोंड केलं, सगळी हसली, आणि चालू लागली. पाण्याचा आवाज येत नव्हता.

मागे केवटपाऱ्याची दारं धडाधड लागली. "चुप!" मनटोराबाई पळता पळता ओरडली. "चुप रह, दीदी! सब्बो आ जाहीं!"

वनमालाबाईंनी मंजिरीला मागून मिठी मारली आणि तिच्या तोंडावर तळहात दाबला. पोरगी धडपडत होती, बोटं चावत होती. बाईंनी हात काढला नाही. आवाज थांबला तशी ती माणसं थबकली आणि माना तिरप्या करून ऐकू लागली. त्यांच्या गर्दीत, काठापासून जेमतेम एका बांबूवर, करड्या स्वेटरमधले पांडुरंगराव थांबले होते. चष्म्यावर पाणी होतं. त्यांना काठ दिसत नव्हता.

"अवो, चूप काहून झाली?" ते इकडेतिकडे वळत म्हणाले. "आवाज दे ना. कोनीकडे येऊ मी?"

एकदा नाव घेतलं असतं तर ते पाऊल टाकून बाहेर आले असते. आणि त्यांच्या मागोमाग ते सगळे.

"वने? ये वने! आहेस ना?"

बाईंनी मंजिरीचं तोंड आणखी घट्ट दाबलं आणि तोंडात आलेलं नाव गिळलं.